निम्मा फेरा

परभणीत आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या पायाला सध्या लोखंडी कड्या बसवल्या आहेत. परवा तिची आई माझ्याकडे आली. चपला न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचाबी पाय असाच लांबवला होता म्हणं. आमची पोरगी रात्र रात्र जागी राहायलीय. तुमी कसं झोपत होता?"

"झोपत नव्हते," मी म्हटलं.

बिचारीचा चेहरा एवढासा झाला. मग तिला आत बोलावून, बसवून, चहा पाजावा लागला. चहा होईपर्यंत थोडंफार सांगितलं. जे राहिलं ते इथे लिहिते आहे. तिच्या मुलीनं वाचावं, आणि तिनंही वाचावं. खरं तर तिनंच आधी वाचावं.

वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून शेवट आधीच सांगून टाकते. मी चालते. जिने चढते, बस पकडते, भांडायला तरातरा जाते. या वयात माझं पुष्कळ काही दुखतं, पण तो पाय दुखत नाही.

निम्मी घागर

माझे वडील येलदरीच्या पॉवरहाऊसमध्ये फिटर होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो आणि आईला माय. धरणाच्या खाली कॉलनी होती, बैठ्या खोल्यांच्या रांगा, आणि रांगेच्या टोकाला एक नळ. आमच्या खोलीत समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली दादांची पान्यांची पेटी. त्या पेटीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

मी चार वर्षांची असताना मोठा ताप आला, मांडीच्या हाडात पू झाला. ताप गेला, पू गेला, पण तो डावा पाय वाढायचं विसरला. सतरा वर्षांची होईपर्यंत तो दुसऱ्यापेक्षा दोन इंच मागे राहिला होता. मी चालायला लागले की एका बाजूला खाली जायची, पुन्हा वर यायची. दुष्काळानंतर आमच्याकडे गावोगाव दांडा खालीवर करायचे हापसे बसले होते. कॉलनीतल्या पोरांना आयतं नाव मिळालं, मला 'हापसा' म्हणायला लागली.

नावाचं मला फार वाटत नव्हतं, मीही त्यांना शेलकी नावं ठेवली होती. वाटायचं ते घागरीचं. माझ्या वयाच्या मुली भरलेली घागर डोक्यावर घेऊन, दोन्ही हात सोडून, गप्पा मारत यायच्या. माझ्या डोक्यावरची घागर नळापासून दारापर्यंत अर्धी सांडायची. माय रोज मागून ओरडायची, "कमे, निम्मीच भर गं!" त्यात तिची माया असायची, मला माहीत होतं. तरी तो शब्द ऐकला की डोक्यात तिडीक जायची. मला एकदा, फक्त एकदा, काठोकाठ भरलेली घागर न सांडता घरात आणायची होती. लोकांना हे हसण्यासारखं वाटेल. पण माणूस पाय मागतो तेव्हा नुसता पाय मागत नाही.

लाकडाच्या फळ्या

साहेबांपैकी कोणीतरी दादांना सांगितलं, औरंगाबादला एक हाडाचे डॉक्टर आलेत, बाहेर शिकून, ते पाय लांबवतात. आम्हाला ती थाप वाटली. तरी गेलो.

डॉक्टरांनी मला उभं केलं आणि डाव्या पायाखाली लाकडाच्या पातळ फळ्या एकेक करून सरकवल्या. कमरेला हात लावून बघायचे, अजून एक फळी घालायचे. शेवटची फळी सरकवली आणि माझी कंबर सरळ झाली. सरळ उभं राहणं म्हणजे काय असतं ते मला तोवर माहीतच नव्हतं. मला रडू आलं. डॉक्टर उगाच समजूत न घालता फळ्यांची जाडी मोजत राहिले, म्हणून मला ते आवडले.

मग त्यांनी समजावलं. मांडीचं हाड कापायचं, वरच्या आणि खालच्या तुकड्यात सळया बसवायच्या, त्या बाहेरून एका दांड्याला जोडायच्या. दांड्याच्या टोकाला एक गोल मूठ. ती रोज एक फेरा फिरवली की हाडाचे तुकडे केसभर लांब जातात, आणि मधल्या जागेत शरीर नवीन हाड भरायला लागतं.

माय तिथंच उठली. "चल, कमे. धडधाकट हाड कापायचं म्हणायलाय ह्यो."

डॉक्टरांनी तिला बसा म्हटलं नाही. ते माझ्याकडे वळले. "दुखेल. खोटं सांगत नाही. पहिल्या दिवसापेक्षा पुढे जास्त दुखेल. आणि मधे थांबलीस तर हाड तिथेच जुळून बसेल. मग जेवढं झालं तेवढंच."

मी हो म्हटलं. सतराव्या वर्षी माणसाला दुखणं ऐकून कळत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

फिटरचा हात

ऑपरेशनचं मी काही लिहीत नाही, मला आठवतच नाही. आठवतं ते नंतरचं. सकाळी स्पिरिटचा वास यायचा. एक नर्स सळयांच्या मुळाशी कापसानं पुसायची आणि पुसता पुसता सासूच्या कागाळ्या सांगायची. सासूचं प्रकरण रंगात आलं की मी कळ विसरायची. देवमाणूस होती ती, तिच्या सासूला काहीही वाटो.

पहिले फेरे डॉक्टरांनी फिरवले. मग त्यांनी दादांना विचारलं, "तुम्ही फिटर ना? मग हे तुमच्याच हातचं काम. घरी न्या मुलीला." दादांना अभिमान वाटलेला मला दिसला. धरणाचे गंजलेले बोल्ट सोडवणारा माणूस तो. पण मूठ धरली, सोडली आणि पुन्हा एकदा हात धुऊन आले. फेरा पुरा झाला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मला काहीच झालं नव्हतं. फिरवताना दुखत नाहीच, ते नंतर येतं.

पॉवरहाऊसच्या जीपमध्ये मागे गादी टाकून मला येलदरीला आणलं. त्या दिवसापासून दादा सकाळच्या डूटीला निघायच्या आधी हात धुऊन माझ्याजवळ बसायचे. माय डोळे मिटून उशाला उभी राहायची आणि हळू आवाजात त्रिसरण म्हणायची. तिचं म्हणणं संपायला आणि फेरा संपायला एकच गाठ पडायची. मग दादा सायकलवर टांग टाकून निघून जायचे, फारच घाईघाईनं.

जागरण

दुपारनंतर मांडी आवळायला लागायची. पिळून वाळत टाकलेलं धुणं पुन्हा कुणी पिळावं, तसं. संध्याकाळी पोटरी धरायची, आणि रात्री, जरा डोळा लागला की, पाय आपोआप झटका द्यायचा. त्या झटक्याची भीती दुखण्यापेक्षा वाईट. झोप आली की मीच घाबरून जागी व्हायची.

त्या मुलीला मला हे सांगायचं आहे: झोप न झालेल्या माणसाचा स्वभाव बिघडतो, त्याचं मनावर घेऊ नकोस. मी इतकी दुष्ट झाले होते की बोलायची सोय नाही. दादा घोरायचे म्हणून मला त्यांचा राग. माय घोरायची नाही, पण माझ्याबरोबर जागी राहायची म्हणून तिचा राग. भेटायला आलेली बाई "अगंबाई, किती सोसावं लेकरानं" म्हणाली की वाटायचं, हिच्या पायालाच ती मूठ बसवावी. एकदा मी पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. मायनं तो उचलला, पोचा आलाय का ते बघितलं आणि पुन्हा भरून दिला.

डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, पण मोजूनच दिलेल्या. बाकीचे उपाय आम्हीच शोधले. गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची घडी, टाचेखाली काही नाही. पांघरूण पायावर नको, दांड्याला अडकून ओढ बसते, म्हणून दादांनी तारेची एक कमान करून दिली आणि चादर तिच्यावर टाकली. कळ आली की श्वास धरायचा नाही, लांब सोडायचा. पॉवरहाऊसची घरघर रात्रंदिवस चालू असायची. कान तिच्यावर ठेवला की थोडा वेळ आपण आपल्या पायात राहत नाही.

दिवसा डोळा लागला तरी चालेल असं डॉक्टर म्हणाले होते. पण कॉलनीत दिवसा कसली झोप? धुण्याच्या दगडाचे आवाज, पोरांचा विटीदांडू, भंगारवाला, आणि दर थोड्या वेळानं 'कशी हाय कमल?' म्हणून दाराची कडी.

गोणपाट

शेजारी रशीदाखाला राहायच्या. त्यांचे मिस्टर ऑपरेटर होते, नेहमी रातपाळीला. आमच्या कॉलनीत एक पद्धत होती. ज्या घरात रातपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असेल, त्या घराच्या दाराला गारव्यासाठी ओलं गोणपाट टांगायचं. गोणपाट दिसलं की त्या दाराशी कोणी कडी वाजवायची नाही, पुढे धुणं आपटायचं नाही, पोरांनी तिथं खेळायचं नाही. भंगारवालासुद्धा तेवढ्यापुरता मुका होऊन जायचा. धरणाची दारं आणि मशिनं ज्यांच्या हातात, त्यांची झोप सगळ्यांच्या कामाची. ती मोडली तर मुकादमापेक्षा बायकाच जास्त रागवायच्या.

एका सकाळी खाला आल्या. माझे सुजलेले डोळे बघितले, मायचेही बघितले. तशाच परत गेल्या आणि त्यांच्याकडचं जादाचं गोणपाट भिजवून आणून आमच्या दाराला टांगलं.

माय म्हणाली, "खाला, आमच्यात न्हाई की वो कुणी रातपाळीला. हे तर सकाळच्या डूटीला हायेत."

"कैसे नहीं?" खाला म्हणाल्या. "ये छोरी रोज रात को जागती. हाड बनाने का काम चालू है उसका. रातपाळी नहीं तो क्या है?"

मला हसू आलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. आजवर मी 'बिचारी' होते, त्या दिवसापासून मी रातपाळीवाली झाले. रांगेतून बातमी फिरली. धुणी पलीकडच्या दगडावर गेली. पोरं नदीच्या बाजूला खेळायला गेली. मला हापसा म्हणणारी पोरंच एकमेकांना म्हणायची, "ए हळू, कमलताई झोपायलीय." गोणपाटाच्या ओल्या वासात मी त्या दुपारी झोपले. जास्त नाही, पण झोपले.

रात्री झोप यायलाच हवी असा हट्ट मी सोडला, हे खरं औषध. रातपाळीचा माणूस रात्री 'झोप का येत नाही' म्हणून रडत नाही. मी रात्रीला काम लावून घेतलं. पडल्या पडल्या मटकी निवडली, उशांचे अभ्रे शिवले. कळ यायची, पण 'मीच का' हा विचार कमी यायला लागला.

आणि मग दिवसाची झोप वाढत गेली. कळही कमी झाली. पायाला सवय झाली असेल, असं मी समजले. दादांनी तर ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, पोरीनं जिंकलं म्हणून.

फोटो

ठरल्याप्रमाणे औरंगाबादला गेलो. डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला, प्रकाशासमोर धरला, पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं.

"रोज फिरवता ना?"

"रोज," दादा म्हणाले. "एक दिवस चुकवला न्हाई, साहेब."

"मग निम्मंच अंतर का पडलं?"

दादांचा चेहरा उतरला. तीस वर्षं मशिनं दुरुस्त केलेला माणूस, त्याला वाटलं आपल्याच हातानं घोटाळा झाला. त्यांनी मुठीवर बोट ठेवून फेरा कसा फिरवतात ते दाखवलं. बरोबरच होतं. डॉक्टर म्हणाले, मूठ सैल होत असेल का, आणि दांडा तपासायला लागले.

"ती सैल झाली न्हाई," माय म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. "मी केली."

दादा वळले. "काय?"

"पोरगी दुपारी झोपली की मी उलटी फिरवायची. डावीकडं." तिनं हवेत बोटांनी करून दाखवलं. फिटरच्या घरात सोडायचं कुठं आणि आवळायचं कुठं हे शिकवावं लागत नाही. "पुरी न्हाई फिरवली. निम्मीच. निम्मा फेरा तिच्या पायाला ठिवला."

दादांचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "मी हिकडं रोज फिरवायलो, अन् तू तिकडं उलटं फिरवायलीस?"

"तुमी फिरवून डूटीवर जाता!" माय म्हणाली. "कण्हणं मला ऐकावं लागतं. झोपेत तोंड वाकडं करती ती, बघितलंय का कधी? निम्मा फिरवला की कपाळावरची आठी जायची. म्या बघितलंय. आठी जायची."

मला राग यायला हवा होता, आणि तो आला नाही. मला एवढंच दिसलं, की रोज दुपारी ओल्या गोणपाटाआड माझी माय माझ्या कपाळाकडे बघत बसलेली आहे. आणि माझी ती मोठी झोप, जी मी माझ्या धीराची कमाई समजत होते, ती तिनं दिलेली होती. मला तिची फार फार माया आली. आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण पुढे काय ते मला कळलं होतं.

डॉक्टर तिला रागावले नाहीत. मलाच म्हणाले, "हाड जुळायला लागलंय. इथे थांबायचं तर थांबू, एक इंच तरी मिळाला. पुढे जायचं तर आजपासून पुरा फेरा. आधीपेक्षा जास्त दुखेल. आणि सगळं अंतर भरून निघेल असं मी सांगू शकत नाही."

आता मला दुखणं ऐकून नाही, भोगून माहीत होतं. आता हो म्हणणं वेगळं होतं. मायनं माझा हात धरला, "बस झालं कमे. निम्मं तर निम्मं."

तो शब्द ऐकला आणि मला नळापासून दारापर्यंतचा रस्ता दिसला.

"पुरा फिरवायचा," मी म्हटलं. "पण दादांनी न्हाई. मायनं फिरवायचा."

"मी?" माय केवढ्यांदा ओरडली. "मी मरीन, पण ती मूठ पुढं फिरवनार न्हाई."

"दादांनी फिरवली तर तू मागून उलटवशील. सवय लागलीय तुला. सोताच्या हातानं फिरवलेलं कसं उलटवशील?"

दादा इतक्या त्रासातही हसले. डॉक्टरही हसले. माय हसली नाही.

मायचा हात

त्यानंतरचे दिवस सगळ्यात कठीण होते. ते गोड करून सांगणार नाही. पहिल्यासारखं दुखलं, आणि वर आणखी. झोप तुकड्या तुकड्यांनी यायची. गोणपाट दाराला रोज लागायचं, खाला स्वतः भिजवायच्या. त्याच्या आड मी कधी झोपायची, कधी नुसती पडून राहायची. पण कोणी कडी वाजवणार नाही, एवढ्याचाही आधार होतो.

सकाळी माय हात धुऊन बसायची. मूठ धरायची आणि थांबायची. मग त्रिसरण सुरू करायची, मोठ्यानं, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून. फेरा पुरा व्हायचा. तिच्या डोळ्यांतून पाणी चालूच असायचं. पदरानं तोंड पुसून रोज एकच वाक्य म्हणायची, "झालं. उद्या नगं." दुसऱ्या दिवशी पुन्हा हात धुऊन हजर.

माझ्या पाहण्यात त्याहून मोठी हिंमत नाही. मी सोसत होते कारण पाय माझा होता. तिला सोसायला लावायचं होतं, आणि तेही तिच्याच लेकराला. म्हणून त्या मुलीच्या आईला सांगते, मुलीसारखंच तुमच्याही दाराला एक गोणपाट लावा. तुम्हालाही झोप हवी. आणि रडू आलं तर तिच्यासमोरच रडा. लपवून केलेली माया फेरा उलटा फिरवते.

एक दिवस डॉक्टरांनी थांबा म्हटलं. हाड आता पुढे जाऊ देत नव्हतं. दुसरं ऑपरेशन झालं, हाडावर धातूची पट्टी बसली, मग पुष्कळ महिने कुबड्या. पाय उभा राहिला तेव्हा पुन्हा त्या फळ्या आल्या. यावेळी एकच लागली, सगळ्यात पातळ. जेमतेम अर्ध्या बोटाच्या जाडीएवढा फरक राहिला होता. डॉक्टर म्हणाले, एवढा तर बऱ्याच लोकांना असतो, त्यांना माहीतही नसतं. मायनं ती फळी हातात घेऊन बघितली, बोटानं तिची जाडी चाचपली आणि खाली ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात मी नळावर गेले. रशीदाखाला दारात बसून तांदूळ निवडत होत्या. माय सवयीनं ओरडली, "कमे, निम्मी..." आणि मधेच थांबली.

मी काठोकाठ भरली. डोक्यावर घेतली, हात सोडले नाहीत, तेवढा माज नव्हता. चालत आले. खोलीजवळ आले तेव्हा डाव्या पावलाला जरासा हिसका बसला आणि ओंजळभर पाणी माझ्या खांद्यावर सांडलं.

मायनं ते बघितलं. तोंडाला पदर लावला. "माझ्यापायी गं," ती म्हणाली. "तेवढं माझ्यापायी ऱ्हायलं."

घागर डोक्यावर होती, मान हलवता येत नव्हती. मी तशीच सरळ बघत म्हटलं, "सांडू दे, माय. तेवढीच मी झोपले व्हते."